सगुणेच्या मांडवाचे चार कोन

दिघी,
बुधवार, ८ मे १९५७, संध्याकाळचे पाच.

ती. यशवंतराव यांना विमलचा नमस्कार.

ताजी परिस्थिती आधी, क्षेमकुशल मागाहून. आज दुपारी साडेतीन वाजता तुमच्या भाचीच्या, म्हणजे आपल्या सगुणेच्या, लग्नमांडवाच्या चार बाजूंपैकी कोणत्याही दोन बाजू सारख्या नाहीत, कोणतीही बाजू दुसरीला समांतर नाही आणि चार कोनांपैकी एकही काटकोन नाही. देहूरोडच्या कादरभाईंनी चारही मेढींपाशी स्वतः गुण्या लावून हे पक्कं केलं आहे. (गुण्या म्हणजे सुतार काटकोन तपासायला लावतात तो. तुम्हाला ठाऊक असेलच, पण कोणाला काय ठाऊक असेल हे गृहीत धरायचं मी सोमवारपासून सोडून दिलं आहे.)

आता क्षेमकुशल. तुमच्या पायाचं प्लास्टर कधी निघणार? सायकलवरून पडायला तुम्ही लग्नाचा महिना निवडलात याबद्दल इथं कोणी काही बोलत नाही, निदान मोठ्यानं बोलत नाही. गवरावहिनी ठीक आहेत, सगुणा ठीक आहे, हळद दळून झाली, पापड वाळले, भांडी मोजून घेतली. बायकांकडे जे जे होतं ते सगळं झालं. पुरुषांकडे एक मांडव होता.

या मांडवात काय अडकलं आहे ते तुम्हाला माहीत आहे, पण सगळं नाही. व्याह्यांच्या थोरल्या मुलाचं लग्न गेल्या वैशाखात भर उन्हात लागलं आणि आजोबा अक्षता पडायच्या आत भोवळ येऊन पडले. त्यामुळे या खेपेला व्याह्यांचा निरोप असा की बोहल्यापासून शेवटच्या पाहुण्यापर्यंत डोक्यावर सलग सावली हवी. शुक्रवारी चार वाजता ते स्वतः येऊन पाहणार. सावली धड नसेल तर रविवारी लग्न त्यांच्या दारी, तळेगावला. माणूस वाईट नाही, म्हाताऱ्याला जपतो, आणि खरं सांगायचं तर त्याच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. पण वहिनींनी हा निरोप ऐकला आणि निवडायला घेतलेले तांदूळ तसेच ठेवून दिले. मला म्हणाल्या, "विमलताई, पोरीचा बाप ह्या दारात न्हाई, म्हनून दार बी नसावं का तिला?" माझा भाऊ जाऊन नऊ वर्षं झाली. या नऊ वर्षांत ही बाई काही मागायला उभी राहिलेली मी पाहिली नव्हती. तेव्हा मी सावलीचं बघते म्हणाले.

आणि सावली मिळालीही. कादरभाई लष्कराचा लिलावातला माल विकतात हे तुम्हाला माहीत आहे. त्यांची कनीज आणि आपल्या वहिनी एकमेकींच्या घरची लोणची गेली कित्येक वर्षं खात आल्या आहेत, त्या जिव्हाळ्यापोटी कादरभाईंनी तंबूचं एक छतच आणून दिलं. तीस फूट बाय तीस फूट, खाकी, इतकं जाड की खाली उभं राहिलं तर दुपारचे बारा वाजलेत की सहा ते कळू नये. कडांना पितळी कड्या. गुण एकच (त्यालाच आपल्याकडचे लोक आता दोष म्हणतात): ते ताणत नाही. ते चौरस आहे आणि चौरसच राहतं. आपल्या भावकीचं आणि त्याचं तेवढ्यासाठी जमलं नाही.

खरा घोटाळा मेढींच्या मानात झाला. मुहूर्तमेढ घरातल्या वडीलधाऱ्यानं पूजा करून रोवायची आणि लग्न लागेपर्यंत तिला हात लावायचा नाही, हे मलाही मान्य आहे. बाकीच्या तीन मेढी शहाण्या गावात सुतार रोवतो. पण इथं चिमाजीअण्णांना (आमच्या भावकीतले थोरले. त्यांना कोणी विचारलं नाही तर ते रागावतात, आणि विचारलं तर उत्तर देतात, यातलं जास्त वाईट काय हे मी ठरवू शकलेली नाही) असं सुचलं की थोरले जावई रंगराव दिवाळीपासून रुसलेले आहेत, तर दुसऱ्या मेढीचा मान त्यांना द्यावा. मग जावयाला दिला आणि मामाला नाही हे बरं दिसेना, म्हणून तिसरी मेढ तुमची. तुमचा पाय प्लास्टरात, तेव्हा ती तुमच्या वतीनं घरातूनच रोवली गेली. चौथीपर्यंत मानकरी संपले, म्हणून ती बिरू सुताराला मिळाली. तीन मेढींना हळदकुंकू, तीन नारळ, आंब्याचे तीन डहाळे. बिरूच्या मेढीला नुसता दगडाचा टेकू. थोडक्यात, हलवता येण्याजोगी मेढ उरली एक. एकोणीस वर्षं मी चिंचवडला मुलींना भूमिती शिकवते, पण 'ज्याच्या तीन शिरोबिंदूंना मान आहे असा चौरस काढा' असं उदाहरण मी कुठल्याही पुस्तकात पाहिलेलं नाही.

सोमवारी टेप लावून चारही बाजू मोजल्या. तीस, तीस, तीस आणि तीस. चिमाजीअण्णांनी जाहीर केलं, "चौरस झाला, गूळ वाटा." गूळ वाटला. मंगळवारी सकाळी छत चढवलं. तीन कोपरे बांधले आणि चौथा बिरूच्या मेढीपासून पाच फूट अलीकडेच थांबला. चौघांनी ओढला. एक कडी उचकटली, बिरूची मेढ वाकून आत पाहू लागली, आणि मधोमध कापडाला अशी झोळी पडली की बाळाजी शेजाऱ्याची कोंबडी तिच्यात जाऊन बसली ती तासभर उतरली नाही. सर्वांचं एकमत झालं की कापड आखडलं आहे. लष्करी माल, दिसायला भक्कम, धुतला की गेला. कादरभाईंनी कोणाशी वाद घातला नाही. छत खाली उतरवलं, अंगणात पसरलं, चारही कोपऱ्यांना गुण्या लावून दाखवला आणि म्हणाले, "कापड सरळ हाय अण्णा. तुमचं अंगण तिरकं चाललंय."

मी तिथं तोंड उघडायला नको होतं. पण एकोणीस वर्षांची खोड. मी म्हटलं, नुसत्या चार बाजू सारख्या असून भागत नाही, चारही कोन काटकोन लागतात. कोन सुटले की तो समभुज चौकोन होतो, एक कर्ण लांब आणि एक आखूड. आपला एक कर्ण साडेसत्तेचाळीस फूट आहे आणि दुसरा साडेछत्तीस. कापडाचे दोन्ही कर्ण जवळजवळ साडेबेचाळीस. म्हणून एकीकडे पुरत नाही आणि दुसरीकडे लोंबतं. माझ्या वर्गातल्या बारा वर्षांच्या पोरींना हे एका तासात कळतं (मध्ये सुट्टी झाली तर दोन). चिमाजीअण्णा म्हणाले, "चार बाजू सारख्या म्हंजी चौरस. तुमच्या साळंत दुसरं काय असंल तर आमाला म्हाईत न्हाई."

म्हणून मी त्यांना बाजेवर समजावायला गेले. ओसरीवरची ती जुनी बाज, जिचे सांधे ढिले झाले आहेत, ती तुम्हाला आठवत असेल. मी म्हटलं, हिच्या चार दांड्या बघा. मी हा कोपरा ढकलते, आता बाज कलली. दांड्यांची लांबी बदलली का? नाही. कोन बदलले का? हो. आधी काटकोन चौकोन होता, आता समांतरभुज चौकोन झाला. माझी चूक एवढीच की अण्णा तेव्हा बाजेवर बसलेले होते. एक सांधा निसटला आणि समोरासमोरच्या बाजू समांतर ठेवून अण्णा जमिनीवर आले. इजा झाली नाही. उठले, धोतर झटकलं आणि सगळ्यांना म्हणाले, "बघा, बाज मोडली. ह्येला म्हन्त्यात भूमिती." तेव्हापासून अंगणात मी 'कोन' असा शब्द काढला की कोणीतरी बाजेकडे बोट दाखवतं.

तरी मी सोडलं नाही. मी म्हटलं, दोन्ही कर्ण सारखे करा आणि मग बाजू पुन्हा मोजा. माणसांच्या कानात वाक्याचं अर्धंच का शिरतं यावर कोणी शोध लावला पाहिजे. 'कर्ण सारखे करा' एवढं ऐकून सगळे कामाला लागले. बिरूनं एकटी हलवण्याजोगी मेढ उपटली आणि लांब कर्णाच्या रेषेवरून अकरा फूट आत आणली. दोन्ही कर्ण बरोब्बर साडेछत्तीस. बाजू मात्र झाल्या तीस, तीस आणि बावीस, बावीस. याला पतंग म्हणतात. शेजारशेजारच्या दोन-दोन बाजू सारख्या, कर्ण एकमेकांना काटकोनात छेदतात, आकाशात फार सुंदर दिसतो. अंगणात त्यावर छत चढवलं तेव्हा दोन्हीकडून सहा-सहा फूट कापड जास्त झालं आणि छताचं पोट थेट बोहल्याच्या जागी जमिनीला टेकलं. दहा फुटी मेढींवर टांगलेलं छत जमिनीला टेकलेलं मी प्रथमच पाहिलं. एक पाव्हणा आत शिरला आणि दुसरीकडून बाहेर यायला त्याला बराच वेळ लागला. अण्णा माझ्याकडे वळून म्हणाले, "सारखे केले तुमचे कर्ण. आता?"

आता रंगराव. तुम्ही त्यांना दिवाळीला भेटला आहात, तेव्हा वर्णन करत नाही. मंगळवारी दुपारी ते जेवून उठले आणि त्यांना वास्तुशास्त्र आठवलं. त्यांच्याकडे एक पुस्तिका आहे. तिच्यात म्हणे लिहिलं आहे की जागा प्रवेशाला अरुंद आणि मागं रुंद असेल तर ती गोमुखी, घरादाराला शुभ. म्हणून त्यांनी बिरूकडून मेढ पुन्हा उपटवली आणि अशी रोववली की घराकडची बाजू तीस फूट, आजूबाजूच्या दोन तीस-तीस फूट आणि रस्त्याकडची साडेचौदा. घराकडची आणि रस्त्याकडची बाजू समांतर, म्हणजे हा समलंब चौकोन. मी बिरूला हळूच म्हटलं, "अरे, साडेचौदा फुटांतून वरात कशी यायची?" तर बिरू म्हणतो, "बाई, मला एकदाच सांगा चौकोन कंचा हवा. पहार दुखाया लागली आता." (या सबंध प्रकरणात शहाणं असं हे दुसरं वाक्य. पहिलं कादरभाईंचं.)

मी काही म्हणायच्या आत अण्णा उठले. ते म्हणाले, वऱ्हाडाच्या बाजूनं गोमुखी असेल, पण पोरगी घरातनं निघून मांडवात येणार, तिच्या बाजूनं तोंड रुंद आणि मागं निमुळतं, म्हणजे ही व्याघ्रमुखी. "जावईबापू, आमची पोर वाघाच्या तोंडी द्यायची हाय का तुमाला?" रंगराव म्हणाले, तोंड नेहमी रस्त्याकडंच असतं. अण्णा म्हणाले, ते दुकानाचं. मग तासभर आपल्या अंगणाला तोंड कुठं आणि शेपूट कुठं यावर जो वाद झाला त्यात मीही दोनदा बोलले, याची मला लाज वाटते. समलंब चौकोनाला तोंड नसतं. बोलणाऱ्यांना असतं.

आज सकाळी अण्णांनी बिरूची मेढ तिसऱ्यांदा हलवली, टेप न लावता, 'नजरेनं'. रंगरावांना हा अपमान वाटला. दुसऱ्याची मेढ हलवता येत नाही, पण आपली येते, म्हणून त्यांनी स्वतःची मेढ नारळासकट उपटून सहा फूट आत, जिथं त्यांच्या पानसुपारीची तयारी असते त्या ओसरीच्या खांबाजवळ, नेऊन रोवली. असा हा मांडव सोमवारी समभुज चौकोन, मंगळवारी सकाळी पतंग, दुपारी समलंब आणि आज नुसता चौकोन आहे, म्हणजे त्याला चार बाजू आहेत एवढंच त्याच्याबद्दल खात्रीनं सांगता येतं. साडेतीन वाजता कादरभाई आले, गुण्या घेऊन चारही मेढी फिरले आणि छताची घडी आपल्या हातगाडीवर ठेवली. म्हणाले, शुक्रवारी सकाळी मेढी धड उभ्या असतील तर मी चढवून देईन, पण आणखी कडी उचकटू देणार नाही. त्यांचं बरोबर आहे. वहिनी चुलीपाशी बसल्या आहेत. त्या रडत नाहीत, पुरणाची डाळ किती भिजवायची एवढंच विचारतात, आणि मी सांगितलेलं प्रमाण ऐकून म्हणतात, "लगीन हितं हुनार असंल तर."

नवरदेव पिंपरीच्या नव्या कारखान्यात नकाशे काढायच्या खोलीत काम करतो. तो शुक्रवारी वडिलांबरोबर येणार आहे. त्याच्यासारख्या मुलानं आपल्या सासरच्या अंगणात उभं राहून हा आकार पाहावा, ही कल्पना मला सहन होत नाही. माणसं लग्नात हुंडा बघतात, दागिने बघतात, स्वयंपाक बघतात. हा मुलगा कोन बघेल.

एवढंच. काळजी करू नका, पाय सांभाळा, मुलांना आशीर्वाद.

आपली,
विमल

ता. क. सगुणा म्हणते, मामांनी रविवारी पाठीमागं उभं राहायलाच हवं, काठी टेकून चालेल. मी तिला सांगितलं, येतील.

ता. क. २. पत्र इथं संपायला हवं होतं, पण कादरभाई उद्या सकाळी पुण्याला जाणार आहेत आणि हे पाकीट त्यांच्याच हाती तुमच्याकडे येणार आहे, तेव्हा खरं लिहून टाकते. तुमच्या वतीनं मेढ रोवली ती मी. टेपही माझ्याच हातात होती. मुहूर्तमेढीच्या बरोबर समोर, जिथं तुमची मेढ यायला हवी होती, तिथं बाळाजीची म्हैस बसली होती. माझ्या अंगावर नवं लुगडं, हातात पूजेचं ताट, आणि म्हशीला ऊठ म्हणायचं मला जमलं नाही. (मुलींना मी दरडावते. म्हैस माझ्या शाळेतली नाही.) म्हणून टेप तीस फुटांवरच धरून मी पावणेआठ फूट बाजूला सरकले. मनात म्हटलं, बाजू तर तीसच आहे. म्हणजे जे अण्णा नंतर मोठ्यानं बोलले ते मी आधी मनात बोलले होते. बिरूची मेढ बिचारी तुमच्या मेढीच्या पाठोपाठ तिरकी गेली. आज कादरभाईंनी पहिला गुण्या तुमच्याच मेढीला लावला, माझ्याकडे पाहिलं, आणि पुढच्या मेढीकडे गेले.

ता. क. ३. तेव्हा विनंती अशी. चिमाजीअण्णांच्या नावे तुमच्या हातची चार ओळींची चिठ्ठी हवी. मामाची मेढ पूर्वेला पावणेआठ फूट आणि रस्त्याकडे एक फूट सरकवावी. जावयांची मेढ मुहूर्तमेढीच्या ओळीत, पहिल्या खड्ड्यात परत यावी. (खड्डा बिरूनं दगड ठेवून राखला आहे.) बिरूची मेढ कुठं यायची ते बिरूला मी सांगते, तिला कोणी विचारत नाही. कारण म्हणून काटकोन लिहू नका, त्याचा इथं काही उपयोग नाही. लिहा, मामाची मेढ मुहूर्तमेढीच्या समोर नसणं हा मामाचा अपमान आहे, आणि जावयाची मेढ ओळीतून मागं ठेवणं हा जावयाचा. माझं नाव कुठंही नको. मी हे फार अभिमानानं लिहीत नाही, पण वहिनींनी डाळ अजून भिजवलेली नाही.

कादरभाई उद्या दुपारी तीन वाजता तुमच्याकडून परत निघतील. शुक्रवारी सकाळी सातला बिरू पहार घेऊन येईल, नऊला छत चढेल, आणि चार वाजता व्याही येतील.